शेवटचा 'शे' मुका असतो

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. आणि तिला मी काय सांगत नाही? जिन्याच्या कोणत्या पायरीवर गुडघा वाजतो, इथपर्यंत सगळं सांगतो. पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — तर माझ्याबद्दल तुमचं मत फार चांगलं असणार. तेच जरा जागेवर आणायचं आहे.

जळगावात मला 'सिनेमावाले सर' म्हणतात. तसा मी भूगोलाचा प्राध्यापक, आता निवृत्त. पण नद्या-डोंगरांबद्दल विचारायला मला आजवर कुणी रस्त्यात थांबवलेलं नाही. सिनेमाबद्दल थांबवतात. भरताची वांगी निवडत असलो तरी शेजारचा माणूस विचारतो, "सर, जगातला सगळ्यात मोठा पिक्चर कोणता हो? म्हणजे, ज्याच्यामुळे बाकीचे सगळे पिक्चर बदलले, असा?" मग मी पिशवी खाली ठेवतो. आवाज आपोआप हळू होतो. मला ते फार आवडतं — खोटं कशाला बोलू? म्हणजे, आता कशाला बोलू?

'सिनेमाचा इतिहास घडवणारे दहा चित्रपट' हे माझं व्याख्यान. जळगावात, धुळ्यात, भुसावळला, चोपड्याला दिलं. एकदा दीपनगरच्या वसाहतीत महिला मंडळापुढे दिलं, तिथे नंतर ढोकळा होता. दहापैकी नऊ चित्रपट तुम्हाला कुठल्याही जाणकाराच्या तोंडून ऐकायला मिळतील, त्यामुळे ते इथे सांगत बसत नाही. प्रश्न दहाव्याचा आहे. दहावा — पण थांबा. आधी दाराचं सांगतो. दाराचं सांगितल्याशिवाय दहावा कळायचा नाही.

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. तिथे दार वाजलं की आतून विचारतात, "कोन शे?" आणि बाहेरचा म्हणतो, "मी शे." झालं. नाव सांगायची पद्धत नाही. आवाजावरून ओळखायचं. ज्याला नाव सांगावं लागतं तो एकतर परका, नाहीतर सरकारी. शे म्हणजे आहे. आमच्या अहिराणीतला एवढासा शब्द, पण त्याच्याशिवाय आमचं काहीच 'आहे' होत नाही.

जळगावात नोकरीला लागलो आणि पहिल्याच महिन्यात मी हा शब्द टाकला. स्टाफरूममध्ये कुणाच्या तोंडून चुकून 'शे' निघाला की बाकीचे चहाच्या कपात हसायचे. आणि मी तर काय, जगभरच्या राजधान्यांचे उच्चार पोरांकडून घोकून घेणारा माणूस! मी आमच्या घरातही तो शब्द बंद केला. मुलांना 'कोण आहे?' शिकवलं. बायको धुळ्याची, माहेरच्यांशी बोलायला ती फोन घेऊन गच्चीवर जायची आणि मोकळी होऊन खाली यायची. माझी आई गावाहून आली की मी तिला पाहुण्यांसमोर फारसं बोलू द्यायचो नाही. "अक्का, तू दमली असशील, पड जरा," म्हणायचो. अक्का, कारण सगळं गावच तिला अक्का म्हणायचं, मीही. ती बिचारी चांगली टवटवीत असायची, पण पडायची.

आता लिमये साहेब. ते बँकेचे मॅनेजर, पुण्याहून बदली होऊन आलेले. जळगावात रसिकता आणायची त्यांनी मनावर घेतलं आणि चित्रपट मंडळ काढलं. एका शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावून परदेशी सिनेमे दाखवायचे. आम्ही मोजके लोक जायचो. मला परदेशी सिनेमात झोप फार छान लागते. घरी पंख्याखाली लागत नाही तशी. सिनेमा संपला की चर्चा. पहिल्याच चर्चेत लिमये साहेबांनी एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "सर, आपल्याला काय जाणवलं?" मी नुकताच जागा झालेला. म्हणालो, "मौन." लिमये साहेबांनी डोळे मिटले. त्या दिवसापासून मी मंडळातला जाणकार.

त्यांनीच व्याख्यान ठरवलं. विषयही त्यांचाच, फलकही त्यांनीच रंगवून घेतला — 'दहा चित्रपट', दहा हा आकडा लाल रंगात. मी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात बरोबर दहा होते. म्हणजे असणार. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती, बहुधा भजी बांधायला. नऊ मिळाले. त्या नऊपैकी मी दोन पाहिले होते, एक पूर्ण.

मग मी काय केलं? मी भारनियमनावर विसंबलो. हसू नका. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळी ठरल्या वेळेला लाईट जायची म्हणजे जायची, लोक त्यावर घड्याळं लावायचे. मी ठरवलं, नववा चित्रपट संपता संपता अंधार होईल, मी म्हणेन "दहावा पुन्हा कधीतरी", लोक अंधारात टाळ्या वाजवतील आणि आम्ही भरीत-भाकरीकडे वळू. नववा संपला. पंखे फिरत होते. मी नवव्याची थोडी पुनरावृत्ती केली. पंखे फिरतच होते. दीपनगरला एवढी वीज तयार होते आणि आम्हालाच का मिळत नाही, अशी पत्रं मी स्वतः वर्तमानपत्रात लिहिलेली आहेत. त्या संध्याकाळी ती मिळाली.

"आणि दहावा चित्रपट," मी म्हणालो आणि पाणी प्यालो. "असा चित्रपट, की ज्यानं... म्हणजे ज्याच्यानंतर..." वाक्य लांबत होतं, नाव येत नव्हतं. पुढच्या रांगेतून लिमये साहेबांनी वही उघडून प्रेमानं विचारलं, "दिग्दर्शक कोण, सर?"

माणूस बुडायला लागला की कोणत्या भाषेत हाका मारतो? मी मान खाली घातली, कपाळाला हात लावला आणि स्वतःशीच पुटपुटलो, "डायरेक्टर कोन शे... कोन शे..." मी स्वतःला विचारत होतो. माईक हॉलभर सांगत होता.

"कोन्शे!" लिमये साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, हॉलमधले निम्मे लोक खानदेशातले, त्यांना कळलं कसं नाही? मीही कितीतरी वर्षं हाच विचार करतोय. अहो, ज्या भाषेत आपण दार उघडतो ती माईकवर येऊ शकते, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. त्यातून नऊ परदेशी नावं कानावरून गेलेली. दहावं त्यांच्या मागोमाग निघून गेलं.

तेव्हासुद्धा मला हसून सोडवता आलं असतं. "अहो साहेब, मी आपला आठवत होतो!" एवढंच म्हणायचं होतं. पण लिमये साहेब मागे वळून सगळ्यांना सांगत होते, "पाहिलाय आम्ही पुण्यात. प्रिंट मात्र फार खराब होती." आता सांगा! जो सिनेमा अध्यक्षांनी पाहिलाय तो नाहीच, असं मी कोणत्या तोंडानं म्हणायचं? मी म्हणालो, "हो, चांगली प्रिंट दुर्मीळ आहे." देश सांगायची वेळ आली तेव्हा मात्र भूगोल कामी आला. पूर्व युरोप म्हणालो. तिकडच्या सरहद्दी इतक्यांदा हलल्या आहेत की माणूस नक्की कुठला, हे त्यालाही सांगता येत नाही. पुढे मी हंगेरीवर स्थिर झालो. चित्रपटाचं नाव — 'बाजाराचा दिवस'. मूळ नाव उच्चारायला अवघड आहे, असंही सांगितलं.

मग कुणीतरी म्हणालं, कथा सांगा.

कथा! माझ्याकडे एकच होती. मी सांगितलं — डोंगराच्या पायथ्याला एक बाई राहते. दर बाजाराच्या दिवशी ती ठिपक्यांची कोंबडी काखेत घेऊन तालुक्याच्या बाजाराला चालत जाते. कोंबडी पुढ्यात घेऊन बसते. गिऱ्हाईक येतं, किंमत विचारतं. ती अशी काही किंमत सांगते की गिऱ्हाईक हसत पुढे जातं. दुपारी दुसऱ्या गावाहून तिची बहीण येते. दोघी कोंबडी मध्ये ठेवून बोलत बसतात. उन्हं कलली की ही कोंबडी काखेत मारून घरी येते. घरचे विचारतात, का गं, विकली नाही? ती म्हणते, भाव नव्हता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिला कोंबडी विकायचीच नसते. घरातून निघायला काहीतरी कारण हवं असतं, बहिणीला भेटायला. बस. एवढाच चित्रपट.

पुढच्या रांगेत दोघा-तिघांनी डोळे टिपले. मला स्वतःलाच ती कथा पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आमच्याच कॉलेजची, पहिल्या वर्षाची, नसरीन पिंजारी. तिच्या अब्बांचं गाद्या भरण्याचं दुकान होतं; तिच्या ओढणीला कुठे ना कुठे कापूस चिकटलेला असायचाच. तिनं विचारलं, "सर, शेवटी कोंबडी विकली जाते का?" मी म्हणालो, "नाही." ती "बरं झालं" म्हणून खाली बसली आणि ओढणीनं डोळे पुसायला लागली.

तेव्हा लाईट गेली. आता काय उपयोग!

अंधारात टाळ्या वाजत असताना माझ्या कोपराला कुणीतरी धरलं. माझे मामा. अक्काचा धाकटा भाऊ, सगळे त्यांना नाना म्हणतात. डॉक्टरांना डोळे दाखवायला जळगावला आलेले आणि भाच्याचं भाषण ऐकायला शेवटच्या रांगेत बसलेले. कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, ती कोंबडीवाली ते आपली अक्का शे ना रे?"

मी म्हणालो, "नाही नाना. ती हंगेरीची आहे."

नानांनी थोडा विचार केला. "हंगेरीमा बी अक्का ऱ्हास का?" तिकडेही एक अक्का राहते म्हणून त्यांना आनंदच झाला.

हो, ती अक्काच होती. माझी आई. साक्रीच्या बाजारात आख्ख्या पंचक्रोशीला माहीत असलेली, कधीच न विकली गेलेली ती कोंबडी आमची. लहानपणी मी बाजारात अक्काशेजारी बसायचो आणि मला लाज वाटायची, की माझी आई लोकांना वेड्यासारखा भाव सांगते. आणि आज तिची गोष्ट ऐकून लोक रडत होते, तर ती मी हंगेरीच्या एका माणसाला देऊन टाकली होती. तोही अस्तित्वात नसलेला.

नानांनी गावी जाऊन अक्काला सांगितलं, तुझ्यासारख्या बाईवर परदेशात पिक्चर निघाला. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा तिनं भाकरी थापता थापता एकच विचारलं, "मंग त्या पिच्चरमा कोंबडी इकाई गई का?" नाही, मी म्हणालो. "बरं जायं," ती म्हणाली. माझ्याकडे पाहून हसली आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिला कळलं होतं का? बहुतेक सगळं कळलं होतं. मी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

इथपर्यंतचं मी फार तर गंमत म्हणून खपवलं असतं. तुम्हीही हसला असाल, मी स्वतः कितीदा अंघोळ करताना हसलोय. पुढेही हसण्यासारखं पुष्कळ घडलं. दहावा चित्रपट व्याख्यानात कायमचा बसला, बाकीचे नऊ लोक विसरायचे, हा लक्षात ठेवायचे. एका पेपरात 'कोन्शे आणि खानदेश' असा लेख आला. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले, लोकांनी शोधलं, कोन्शे कुठेच सापडेना. मला वाटलं, झालं, पकडलो. उलटच! "सर, इंटरनेटलाही माहीत नाही असा डायरेक्टर तुम्हाला माहीत आहे!" लिमये साहेब बदलून पुण्याला परत गेले, आणि तिथे आता कोन्शे पाहिलेले आणखी काही लोक आहेत, असं ऐकतो. प्रिंट खराब होती यावर सगळ्यांचं एकमत आहे.

पण मला कबूल करायचंय ते हे नाही. हे नुसतं खोटं झालं. मी ज्याच्याभोवती मघापासून फिरतोय ते वेगळं आहे.

नसरीननं पदवी घेतली आणि तिला सिनेमा शिकायचा होता. घरात हे कुणाला पटवणं किती कठीण गेलं असेल! तिच्या अब्बांना मीच भेटायला गेलो होतो. कापूस उडत होता, ते काम थांबवून हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता म्हणजे पोरीत काहीतरी असेल." मोठ्या शहरातल्या एका नामांकित संस्थेत तिनं लेखी परीक्षा दिली. पास झाली. मुलाखतीला गेली.

मुलाखतीत प्रश्न आला — तुमच्या मते सिनेमाच्या इतिहासावर सर्वांत जास्त प्रभाव कोणत्या चित्रपटाचा? बाकीच्या मुलांनी ती नऊ नावं सांगितली असणार. तिनं मनापासून दहावं सांगितलं. समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दिग्दर्शकाचं नाव पुन्हा विचारलं. तिनं सांगितलं. कुठे पाहिला, म्हणाले. तिनं खरं तेच सांगितलं, पाहिला नाही, आमच्या सरांनी सांगितला. ते हसले. नंतरच्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला नीट देता आलं नाही. तिचा प्रवेश हुकला.

ती परत आली ती थेट माझ्या घरी. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी होती. "सर, त्यांना कोन्शे माहीत नाहीत. असं कसं?" तिच्या आवाजात संशय नव्हता हो! तिला खरोखर कोडं पडलं होतं. मी खुर्चीत होतो, बायको आत चहा टाकत होती. खरं माझ्या जिभेवर आलं होतं, शपथ. दोन शब्दांचं तर होतं. तोडून म्हटलं की झालं — कोन, शे. ती खानदेशातली मुलगी, तिची आजी चोपड्याकडची. क्षणात कळलं असतं तिला. रागावली असती, रडली असती, पुढच्या वर्षी पुन्हा गेली असती.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तू उच्चार कसा केलास?"

ती म्हणाली, "कोन्शे."

मी मान हलवली. अगदी वर्गात हलवतो तशी. "तिथेच चुकलं. तो 'कॉन्श' असा आहे. शेवटचा 'शे' मुका असतो."

तिचा चेहरा पडला. मी तिथेही थांबलो नाही. मी तिला म्हणायला लावलं. कॉन्श. जीभ टाळूला लावू नकोस. पुन्हा. कॉन्श. ती दारात उभी राहून शाळेतल्या पोरीसारखी म्हणत होती आणि मी बसल्या बसल्या दुरुस्त करत होतो. मग ती म्हणाली, "सॉरी सर. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं." आणि गेली. बायकोनं चहाचे तीन कप आणले होते, तिसरा मी प्यायलो.

पुढच्या वर्षी तिनं अर्ज केला नाही. ज्याला साधं नाव घेता येत नाही त्यानं कशाला जावं, असं म्हणाली, असं मला तिच्या अब्बांनी सांगितलं. तेही जरा ओशाळून. जणू पोरीनं मला तोंडघशी पाडलं होतं.

ती लग्नांचं शूटिंग करायला लागली. जळगाव, भुसावळ, चोपडा. नवरीपेक्षा कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याच जास्त दाखवते, अशी तिच्याबद्दल तक्रार असायची. मी कुठल्या लग्नात दिसलो की कॅमेरा खांद्यावरून उतरवून "सर" म्हणून नमस्कार करायची. मी त्या लग्नांत जेवणं लवकर उरकायला लागलो.

आणि गेल्या वर्षी तिनं स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या कॅमेऱ्यानं एक छोटी फिल्म केली. 'बाजाराचा दिवस'. चित्रण साक्रीच्या बाजारात, कारण म्हणे कथेतल्यासारखे डोंगर तिला तिथेच दिसले. पहिला खेळ धुळ्यात. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी नाना. त्यांना आता फारसं दिसत नाही, पण अक्काचा पिक्चर म्हणून हट्टानं आलेले. मागे साक्रीकडच्या बाजारकरणी, ज्यांनी फिल्ममध्ये काम केलं होतं, जीप भरभरून.

अंधार झाला. पडद्यावर पहिली अक्षरं आली.

'कोन्शे यांस. उच्चार चुकल्यास क्षमस्व.'

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं सुनेला विचारलं, "काय लिखेल शे वं?" सुनेनं अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, "कोन... शे..."

आणि म्हातारी सवयीनं, दाराबाहेर उभी असल्यासारखी, खणखणीत म्हणाली, "मी शे, माय!"

सगळ्या हॉलमध्ये हशा फुटला. दुसरी एक ओरडली, "मी बी शे!" मग तिसरी, मग अख्खी रांग. शेजारी नानासुद्धा हात वर करून "मी शे! मी शे!" म्हणत होते. धुळ्यातल्या त्या हॉलमध्ये एकच माणूस गप्प बसला होता.

नसरीन पडद्याशेजारी उभी होती. तीही हसत होती. मग तिचं हसू थांबलं. पडद्याच्या उजेडात मला तिचे ओठ हललेले दिसले, एकदा, आणि पुन्हा एकदा, मध्ये थोडी जागा सोडून. मग तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.

फिल्म सुंदर होती. तिच्यातली बाई भाव सांगताना थोडी मान तिरकी करायची, अक्कासारखी. ते मी कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. मी ढसाढसा रडलो. लोकांना ते माझं सिनेमावरचं प्रेम वाटलं. दोघांनी पाठीवर हात ठेवला. दिवे लागायच्या आत मी नानांना धरून मागच्या दारानं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर नसरीनचा निरोप आला. एकच ओळ. 'सर, शेवटचा शे मुकाच असतो ना?'

मी तो वाचला, हे तिला तिच्या मोबाईलवर दिसलं असणार. मी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर मी हे व्याख्यान दोनदा दिलंय. दोन्ही वेळा दहा चित्रपटांचं.

नसरीन, तू उच्चार बरोबर केला होतास. पहिल्यांदाच, त्या मुलाखतीत, त्या सगळ्या लोकांसमोर. शे मुका नसतो. तो मी केला — आधी माझ्या घरात, मग माझ्या आईच्या तोंडात, मग तुझ्या. हंगेरीत कुणी नाही. कोंबडी आमची होती, बाई माझी आई होती, आणि तुझी जागा मी घालवली.

तुझा प्रश्न त्या दिवसापासून दाराशी उभा आहे. कोन शे?

मी शे.